तिसरी हाक

"...पण भीती गेली, हे माणसाला कळतं कसं, बाबा?"

धाकलूबाबा घायपाताचा दोर वळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कुणाची भीती?"

"माझी. म्हणजे माणसाची. कुणाचीही."

"कुणाचीही म्हंजी कुणाचीच न्हाई," बाबा म्हणाले आणि दोराचा पीळ अंगठ्याने दाबून पाहिला.

विचारणाऱ्याचं नाव त्र्यंबक. वाईकडचा. पूर्वी शाळेत संस्कृत शिकवायचा, म्हणून वस्तीवरची माणसं त्याला मास्तर म्हणत. नोकरी सोडून चार वर्षं झाली होती. तेवढ्यात तीन गुरू करून झाले होते, आणि तिघांतही त्याला काही ना काही कमी दिसलं होतं.

धाकलूबाबा चौथे. जातीने धनगर. नाव धाकलू आणि वय मात्र वस्तीत सगळ्यांत थोरलं. त्यांनी कुणाला उपदेश केल्याचं ऐकिवात नव्हतं. पन्नास वर्षं हा माणूस सड्याच्या तोंडाशी एकटा राहतो आणि कशाला घाबरत नाही, एवढंच लोक सांगत. तेवढ्यावर त्र्यंबक दोन दिवस चालत आला होता.

सह्याद्रीच्या माथ्यावर सपाट पठार असतं, त्याला तिकडे सडा म्हणतात. बाबांच्या खोपटासमोरचा सडा आश्विन लागला की गवताने भरून जातो. पुरुषभर उंच गवत आणि वर पांढरे तुरे. लांबून बघावं तर डोळे निवतात. बाहेरून आलेली माणसं कडेला उभी राहून वा वा करतात आणि निघून जातात. ती शहाणी.

मी एकदा आत गेलो होतो. वीस पावलं. मागे वळून पाहिलं तर मागेही गवतच. खोटं कशाला सांगू, पळत बाहेर आलो. वीसच पावलं होती म्हणून वाट सापडली.

त्र्यंबकाला येऊन नऊ दिवस झाले होते. बाबांच्या तोंडून त्याला एकच वाक्य हवं होतं: याची भीती गेली. ते मिळालं की दसऱ्याला खाली गावात तो स्वतः गुरू म्हणून आसन मांडणार होता. लोकांना तसं सांगूनही आला होता. नवी भगवी छाटी खांद्यावर होतीच.

"मी स्मशानात एकवीस रात्री बसलोय, बाबा."

"बरं."

"सापाच्या बिळाशेजारी जप केलाय."

"सापाला तरास झाला आसंल."

ठकूबाई फिस्सकन हसली. ती वस्तीवरची, गवत कापणारी. दोन दिवसांनी कापणी सुरू व्हायची होती, म्हणून दगडावर विळे घासत बसली होती.

त्र्यंबकाचे कान लाल झाले.

"तुम्हाला कशाचीच भीती वाटत नाही म्हणतात."

"कोण म्हंतं?"

"सगळेच."

"मला रोज भीती वाटती," बाबा म्हणाले.

त्र्यंबक त्यांच्याकडे बघतच राहिला. चौथाही असाच निघाला, असं त्याच्या मनात आलं असणार. चेहऱ्यावर तर आलंच.

"कशाची?"

बाबांनी हनुवटीने समोरचा सडा दाखवला. गवत वाऱ्यावर एका अंगाला झुकत होतं, पुन्हा उभं राहत होतं.

"मला नाही वाटत त्याची," त्र्यंबक म्हणाला.

दोर वळणारे हात थांबले...

"मग आसं कर. सड्याच्या पल्याड झरा हाय. तांब्याभर पानी आन. आन् मग इचार."

"एवढंच?"

"येवढंच."

ठकूबाईने विळा खाली ठेवला. "आत्ता, बाबा? कोकनातनं धुकं वर चढायची येळ झाली."

"वाट मळलेली हाय. कूक देत जाईल त्यो. म्या हाय हितं."

ठकूबाई उठून त्र्यंबकापाशी आली. लहान मुलाला समजवावं तसं तिने त्याला समजावलं, आणि तेच त्याला आवडलं नाही.

"पन्नास पावलं झाली की कूक द्यायची, मास्तर. मोट्यानं. बाबा हितनं ओ देत्यात. वाऱ्यात शब्द पोचत न्हाईत, हाक पोचती. तुमच्या हाकंवरनं बाबास्नी कळतं, तुमी वाटंवर हायसा का वाट सोडली."

"आणि सोडली तर?"

"डाव्या अंगाला कडा हाय."

"कडा काय, दिसेल की."

"न्हाई दिसत," ठकूबाई म्हणाली. "गवत सरत न्हाई. जमीन सरती."

त्र्यंबक हसला. ती हसली नाही. तिने आवाज खाली आणला.

"आन् आत कुनी हाक मारली, तर लगीच ओ द्यायची न्हाई. चकवा आसतो आत. वळकीच्या आवाजात बोलावतो आन् कड्यावर नेतो. पर त्याला दोनच हाका येत्यात. तिसरी हाक आली तर मानूस समजायचं."

"तुम्ही हे खरं मानता?"

"माजा चुलता मानत नव्हता," ठकूबाई म्हणाली आणि पुन्हा विळ्यापाशी जाऊन बसली.

त्र्यंबकाने पितळेचा तांब्या उचलला आणि गवतात शिरला.

आत शिरल्याबरोबर वारा लागेनासा झाला. आवाज मात्र डोक्यावर चालूच होता. वाट होती, पण एका माणसापुरती. दोन्ही बाजूंची पाती दंडाला घासत होती, बारीक रेघा उमटवत होती. वर पाहिलं तर तुरे आणि तुऱ्यांच्या फटीतून पांढुरकं आभाळ.

पन्नास पावलं झाली.

कूक द्यायची म्हणजे काय करायचं? उभं राहायचं, तोंडाशी हात धरायचे आणि लहान पोरासारखं ओरडायचं. मी इथे आहे, मला सांभाळा, असंच ना? स्मशानात एकवीस रात्री बसलेल्या माणसाने? आणि ठकूबाई ऐकत होती.

तो तसाच पुढे चालू लागला.

शंभर...

इकडे बाबा खोपटाच्या दारात उभे राहिले होते.

"दील आता," ठकूबाई म्हणाली.

दीडशे पावलांचा वेळ गेला. बाबांनी हातातला दोर खाली ठेवला. मग त्यांनीच तोंडाशी हात धरून एक कूक दिली. कानाला तळवा लावून ते थांबले.

गवतातून काही आलं नाही.

त्र्यंबकाला ती कूक ऐकू आली होती. त्याला गंमत वाटली. म्हातारा घाबरला, असं तो मनात म्हणाला, आणि मूग गिळून पुढे गेला.

एवढी एकच चूक. पण सड्यावर ती कुणी करत नाही. तिथली चार वर्षांची पोरसुद्धा कूक ऐकली की हातातलं टाकून आधी ओ देते.

पुढे एक मोठा धोंडा आडवा आला. वाट त्याला वळसा घालून जात असावी. त्र्यंबकाने वळसा घातला. पलीकडे वाट दिसली नाही. असेल जरा पुढे, म्हणून तो गवत बाजूला सारत गेला.

तेवढ्यात धुकं आलं. आलं म्हणजे कुठून असं नाही. आधी तुरे दिसेनासे झाले, मग समोरची पाती, मग स्वतःचे पाय. गवत ओलं झालं. डोक्यावरचा आवाजही बंद पडला.

तो मागे फिरला. धोंडा सापडला नाही.

उजवीकडे गेला. तिथे गवत तुडवलेलं दिसलं. जिवात जीव आला त्याच्या. माणूस गेलाय इथून, म्हणून तो त्या तुडवलेल्या गवतावरून भराभर चालला. थोडं पुढे गेल्यावर पात्याला अडकलेला भगवा धागा दिसला. त्याच्याच छाटीचा.

तो स्वतःच्याच मागे चालला होता.

आता मात्र तो घाबरला. स्मशानात असं झालं नव्हतं. स्मशानात वाट ठाऊक असते, पहाट कधी होणार तेही ठाऊक असतं. इथे पुढे कुठलं आणि मागे कुठलं, हेच कळेना.

कूक द्यावी असं वाटलं. पण आता दिली तर आधी का नाही दिली, हे सांगावं लागणार. माणूस अशा वेळीही काय काय विचार करतो!

तो चालू लागला. मग जोरात चालू लागला. मग पळू लागला.

पाय कशात तरी अडकला आणि तो आडवा पडला. हातातला तांब्या सुटला. गडगडत दोन हातांवर गवतात शिरला.

तो उचलायला त्र्यंबकाने हात लांब केला...

खूप खाली, खूप लांब, ठण्ण आवाज झाला.

मग आणखी खाली एकदा.

मग आणखी खाली. बारीकसा.

हात तसाच पुढे राहिला. बोटांच्या पुढे गवत होतं. दाट, उभं, मागे होतं तसंच. गवत सरलं नव्हतं.

त्याने हात मागे घेतला. एकेक बोट मागे घ्यावं तसा घेतला. गुडघे पोटाशी धरून तिथेच बसला. दोन्ही मुठींत गवताचे बुडखे पकडले. डावीकडे सरकावं तर कडा असेल. उजवीकडे असेल. मागून आलो ती मागची बाजू कुठली, तेही आता सांगता येत नव्हतं. दात वाजू लागले. थंडी एवढी नव्हती.

तांब्याचा आवाज दरीत घुमून खोपटापर्यंत गेला. ठकूबाईच्या तोंडचं पाणी पळालं. ती वळून बघते तर दारात बाबा नव्हते. अर्धवट वळलेला दोर तेवढा पडला होता.

ती वस्तीकडे धावली, माणसं आणि दोर आणायला.

त्र्यंबक बसला होता. किती वेळ, कोण जाणे.

"मास्तऽऽऽर..."

आवाज बाबांचा. ओ देण्यासाठी त्याचं तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं.

बाबा खोपटात. खोपट मागे कुठेतरी. आणि हाक तर समोरून आली. जिथे तांब्या गेला होता, त्या अंगाने.

*वळकीच्या आवाजात बोलावतो आन् कड्यावर नेतो.*

ठकूबाईला हसून प्रश्न विचारणाऱ्या त्र्यंबकाने दोन्ही तळवे तोंडावर गच्च दाबले. श्वासाचाही आवाज होऊ दिला नाही. ही एक, तो मनात म्हणाला.

धुक्यात गवत सळसळलं. कुणीतरी चालत होतं. थांबत होतं. पुन्हा चालत होतं.

"मास्तऽऽऽर..."

जवळून. अगदी जवळून.

ही दुसरी.

आणि मग दगड सरकल्याचा आवाज झाला. गवत उपटल्याचा झाला. बारीक खडी तांब्याच्या वाटेने खाली गेली...

नंतर काहीच नाही.

त्र्यंबक तिसऱ्या हाकेची वाट बघू लागला. तिसरी आली की ओ द्यायची. त्याने तोंडावरचे तळवे काढले आणि तयार राहिला.

तिसरी हाक येईना.

तो विचार करू लागला. बाबा असते तर त्यांनी तिसऱ्यांदा हाक मारली असती. हाक आली नाही. म्हणजे ते बाबा नव्हते. म्हणजे चकवा होता, आणि आपण वाचलो. तर्कात कुठेही खोट नव्हती.

तरी त्याला रडू फुटलं.

त्या दुसऱ्या हाकेत काहीतरी होतं. त्याने ती पुन्हा आठवून पाहिली. हाक शेवटाला तुटली होती. हाक मारणाऱ्याला दम लागला होता. म्हातारं माणूस चढण धावत आलं की लागतो, तसा.

चकव्याला दम लागतो का?

आता तर्क संपला. नुसती भीती राहिली, आणि ती दोन्हीकडून होती. ओ दिली आणि चकवा असला तर तो येईल. नाही दिली आणि बाबा असले तर...

तो ओरडला.

"ओऽऽऽ!"

"हळू," समोरून, जरा बाजूने आवाज आला. पाच-सहा हातांवरून. घरात बसून बोलावं तसा. "उभा हायस का बसलास?"

"ब... बसलोय."

"मग पोटावर पड. हातानं चाचपत ये. जमीन लागंल तेवढाच ये. घाई न्हाई."

घाई न्हाई, असं म्हणाले. त्र्यंबकाने ते वस्तीवर नंतर कितीतरी वेळा सांगितलं.

तो सरपटत निघाला. एक हात पुढे टाकायचा, माती दाबायची, मग कोपर. माती... माती... दगड... माती. मग बोटांना दुसरी बोटं लागली.

धुक्यात त्याला आधी दोन मुठी दिसल्या, गवताच्या बुडख्यांना धरलेल्या. मग हनुवटी, जमिनीला टेकलेली. मग डोळे. खांद्याखालचे बाबा दिसत नव्हते. खांद्याखाली जमीन नव्हती.

त्र्यंबकाने दोन्ही मनगटं धरली.

"वर ओढतो, बाबा."

"वडू नगंस. दोगंबी जाऊ. नुसतं धर."

"आणि?"

"आन् कूक दे."

त्याने तोंड उघडलं. पहिल्यांदा नुसती हवा आली. दुसऱ्यांदा घोगरा आवाज. तिसऱ्यांदा मात्र बेंबीच्या देठापासून कूक निघाली, आणि मग ती थांबेना. ज्या कुकेची लाज वाटली होती, ती त्याने किती वेळा दिली हे त्यालाही सांगता येत नाही. मधेमधे तो रडत होता. रडणं आणि कूक वेगळं ओळखू येत नव्हतं.

"बाबा... तुमचे हात थरथरताहेत."

"तुजं बी."

लांबून ओ आली. बाईची. मग पुरुषांच्या तीन-चार. त्र्यंबक कूक देत राहिला, ओ जवळ येत राहिली. ठकूबाई पुढे होती, विळ्याने गवत आडवं पाडत, पाय टाकण्याआधी काठीने जमीन बघत. मागे वस्तीवरचे गडी, कमरेला दोर एकमेकांना बांधलेले.

दोर बाबांच्या काखेखालून गेला. ओढून घेतलं सगळ्यांनी.

वर आल्यावर बाबा कितीतरी वेळ पालथेच पडून राहिले. गाल जमिनीला लावून.

मग त्यांना वाटेवर आणलं. धोंड्याला टेकून बसवलं. गुडघे सोलवटून निघाले होते. त्र्यंबकाने खांद्यावरची भगवी छाटी काढली, टरकावली आणि त्यांच्या गुडघ्यांना बांधली. गाठ तिसऱ्या खेपेला बसली.

कुणी त्याला काही बोललं नाही. ठकूबाईसुद्धा नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

धुकं विरळ होत होतं. तुरे पुन्हा दिसू लागले होते. खाली उन्हं कललेली. कडेला उभं राहून वा वा करावं, असा सडा.

"पानी राहिलं," बाबा म्हणाले.

"तांब्या गेला, बाबा."

"आयकला म्या. त्याच आवाजावर कड्याकडनं आलो."

"...तुम्हाला वाटलं, मी गेलो?"

बाबा तळवे उलटे करून बघत होते. पात्यांनी कापले होते.

भीती गेली हे कळतं कसं, हा प्रश्न त्र्यंबकाने पुन्हा विचारला नाही. त्याला दुसरंच विचारायचं होतं. शेवटी विचारलं.

"दोन हाका मारल्यात तुम्ही. मी ओ दिली नाही. मला वाटलं, चकवा आहे. तिसरीची वाट बघत बसलो होतो मी... पाच-सहा हातांवर."

"हं."

"तिसऱ्या हाकेवर दिली असती. तुम्ही लोंबकळत होतात, बाबा. हात सुटले असते. एक हाक मारायची होती. का नाही मारलीत?"

ठकूबाईनेही मान वर केली.

बाबा गवताकडे बघत होते. वाऱ्याने ते कड्याच्या अंगाला झुकलं, आणि पुन्हा उभं राहिलं.

"तू पळत आला आसतास."